कोपरा फाटलेलं कार्ड

चंचीची दोरी सैल केली आणि आधी वास आला. लवंगेचा, काताचा, वाळून भुगा झालेल्या तंबाखूचा. फुईला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी वास इतका ताजा की वाटलं, आता मागून आवाज येईल, "मन्ही चंचीले हात नको लावू, सांगी ठेवस." फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. चौदाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं ती भावाच्या घरी परत आली, आणि माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ही कापडी चंची तिच्या कमरेची कधी सुटली नाही.

रनाळ्याचं आमचं घर पाडून चुलतभाऊ तिथं स्लॅबचं घर बांधणार आहे. त्यानं निरोप धाडला, तुझं काही असेल तर घेऊन जा. माझं काय असणार? साठ वर्षांपूर्वी ज्या घरातून गाडीत बसून निघाले, तिथं माझं म्हणून काय उरणार? तरी आले. पत्र्याच्या पेटीत फुईची दोन लुगडी होती, एक लाकडी फणी होती आणि तळाशी ही चंची. चंचीला चार कप्पे. तीन उघडे आणि चौथा काळ्या दोऱ्यानं शिवून टाकलेला. टाके फुईचेच, वाकडेतिकडे. शिवण तिला जन्मात जमली नाही. वरून बोट फिरवलं तर आत कागदासारखं काहीतरी कुरकुरलं.

मी ओट्यावर येऊन बसले. टाके उसवायला धीर होईना. त्या कुरकुरण्यावरून मला काय आठवलं ते मी कुणाला सांगितलं तर लोक हसतील. म्हातारीला एका लेखकाचं सुतक आठवलं, म्हणतील.

मला एक लेखक फार आवडायचे. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की ते सगळ्यांचे होतील. तसे ते सगळ्यांचे होतेच, पुण्यात म्हणे त्यांच्या नावाचा एक रस्ताही आहे. पण मला त्यांना वाटून घ्यायचं नाही. ह्या वयात एवढा हट्ट चालतो.

ते मला भेटले नंदुरबारच्या वाचनालयात. आबा, म्हणजे माझे वडील, पंधरा दिवसांनी एकदा कामाला नंदुरबारला जायचे, आणि सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली तेव्हा माझी समजूत काढायला म्हणून मलाही बरोबर नेऊ लागले. सकाळची पॅसेंजर. डब्यात कोळशाचा धूर, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी, आणि नंदुरबार जवळ आलं की कापसाच्या जिनाकडून येणारा सरकीचा तेलकट, उबदार वास. अजूनही कुठं सरकी ओली झाली की मला पुस्तकं आठवतात. माझ्या नातवंडांना ह्याचा अर्थ लागत नाही.

वाचनालयाच्या ओसरीवर कादरचाचा बसायचे. फाटकी पुस्तकं बांधून द्यायचं त्यांचं काम. खळीचं पातेलं, त्यात मोरचुदाची निळी झाक, बाजूला पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दातात धरलेला दोरा. त्यांना मराठी वाचता यायचं नाही, उर्दू यायचं. पण कपाटातली पुस्तकं ते हातानं ओळखायचे. पहिल्या दिवशी मी काय नेऊ म्हणून गोंधळून उभी राहिले, तर त्यांनीच एक पुस्तक पुढं केलं.

"ये ले बेटी. ये बाबा की किताब सबसे ज्यादा फटती है."

"म्हणजे चांगली असते का?"

"अब वो तो तू पढ़ के बता. मैंने तीन दफा सी है ये. कोई न पढ़े तो किताब काहे को फटेगी?"

ह्यापेक्षा चांगलं परीक्षण मी त्यानंतर वाचलेलं नाही.

मग ते पुस्तक, मग त्यांचं दुसरं, मग सगळी. त्यांच्या पुस्तकांत कौलारू घरं असायची, फणस असायचे, समुद्रावरून येणारा वारा असायचा. मी ह्यातलं काही पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडं कापसाच्या पऱ्हाट्या, निंबाची सावली आणि उन्हाळ्यात डोळे फोडणारा फुफाटा. पण त्यांच्या बायका विहिरीवर उभ्या राहून गप्प व्हायच्या, ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. ते मी रोज घरात पाहत होते.

दुपारी फुई डाळ निवडायला बसली की मी वाचून दाखवायचे. पुस्तकातली मराठी ऐकली की तिचं तोंड वाकडं व्हायचं. "ही तं कचेरीनी भाषा शे. तो मानूस सांगस काय, ते सांग." मग मी वाचता वाचताच अहिराणी करायचे. त्यामुळं आमच्या घरी त्यांचे ते धोतर-उपरण्यातले रावसाहेबसुद्धा "कथा जाई ऱ्हायनी वं?" असं, कुठं चाललीस म्हणून, विचारायचे. फुई डाळीतला खडा बाजूला टाकायची आणि रावसाहेबांना शिव्या घालायची. कधी डोळ्याला पदर लावायची आणि म्हणायची की मिरचीचा हात लागला. मिरची घरात नसली तरी.

एक कादंबरी तिला सगळ्यांत आवडायची आणि तिचाच शेवट तिला अजिबात पटायचा नाही. त्यात एक मुलगी असते. शेवटच्या पानावर ती गाडीत बसते. गावाबाहेर दोन रस्ते फुटतात, एक सासरी जातो, एक दुसरीकडं. गाडीवान बैल थांबवतो, मागं वळतो आणि विचारतो, "कुणीकडं घेऊ?" आणि पुस्तक संपतं.

"पुढं?"

"पुढं काही नाही. संपलं."

"आसं कसं संपनं? पान फाटेल व्हई. त्या कादरले इचार."

मी खरंच विचारलं. कादरचाचांनी पुस्तक हातात घेतलं, शिवणीत नख घालून पाहिलं आणि मान हलवली. पान गेलेलं नव्हतं. बाबानं एवढंच लिहिलं होतं.

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. सारंगखेड्याला दिलं. तापीचं पाणी, केळीचे मळे, आणि थंडीत घोड्यांचा बाजार भरला की रात्रंदिवस खिंकाळणं. पहिल्या आखाजीला माहेरी आले. आखाजी म्हणजे आमच्याकडं लेकींचा सण. निंबाला झोके टांगतात, गौराई बसवतात, खापरावर मांडे होतात, आणि चार दिवस झाले की सासरची गाडी येते. माझी गाडी आली आणि रिकामी परत गेली. का, ते मी तेव्हा कुणाला नीट सांगू शकले नाही आणि आता सांगून उपयोग नाही. एवढंच सांगते की मी कणगीमागं जाऊन बसले आणि आबा बाहेर जाऊन त्यांना म्हणाले, पोरीला बरं नाही.

बरं नसणं वर्षभर चाललं. गावात बायका पाण्याला भेटल्या की विचारायच्या, "आजून शे का वं तू?" मी हसून घागर भरायचे. घरी कुणी बोलायचं नाही, आणि तेच जास्त बोचायचं. आबा जेवताना ताटाकडं बघायचे. सासरहून निरोप आला होता की ह्या आखाजीनंतर शेवटची गाडी येईल, मग येणार नाही. फुईला विचारावं तर ती स्वतःच सगळं आयुष्य भावाच्या घरी काढलेली. ती काय सांगणार? "ऱ्हाय" म्हणाली तर कशावरून, आणि "जाय" म्हणाली तर कशावरून?

तेव्हा मला ते सुचलं. वेडेपणाच होता. पुस्तकात छापलेल्या पुण्याच्या पत्त्यावर मी त्यांना पत्र लिहिलं.

मायना काय लिहावा ह्यात एक दुपार गेली. शाळेत शिकवलं होतं की परक्या माणसाला 'रा. रा.' लिहायचं आणि घरच्या वडीलधाऱ्याला 'तीर्थरूप'. मी 'तीर्थरूप' लिहिलं. आबांनी ते पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ते हसले. म्हणाले, "तीर्थरूप मी शे ना वं? हाऊ दुसरा कथाईन काढा?" पत्रात मी माझ्याबद्दल काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, आपल्या कादंबरीतली ती मुलगी गाडीत बसली, गाडीवानानं विचारलं, मग गाडी कुणीकडं गेली? मला फार नड आहे, उत्तर पाठवावे.

आणि मी ठरवून टाकलं की ते सांगतील तसं करायचं. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. पण मला दुसरा कुणी विचारण्यासारखा माणूस नव्हता. ज्यानं बायकांचं गप्प होणं ओळखलं, त्याला रस्ताही ठाऊक असणार, असं मला मनापासून वाटत होतं.

फाल्गुन गेला. मिरच्या वाळल्या, खळ्यातला गहू घरात आला, कुरडयांसाठी तो भिजत पडला आणि सबंध गल्लीला त्याचा आंबूस वास लागला. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी हातातलं काम टाकून दाराशी यायचे. तो हात हलवायचा, काही नाही म्हणून.

त्या मंगळवारी मी आबांबरोबर नंदुरबारला गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो तर अंगणात फुई ओल्या केसांनी उभी. चूल थंड. आमचा सालदारसुद्धा ओलं धोतर नेसून बाजूला बसलेला.

"आंगनमा थांबा," फुई म्हणाली. "घरमा पाय टाकू नका. पहिले न्हाई ल्या."

"कोन गयं?" आबांनी विचारलं.

"काय माहीत! कार्ड उनं व्हतं. कोपरा फाटेल."

हे आता सांगावं लागतं. तेव्हा कुणी वारलं की जे कार्ड यायचं त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. ते पाहिलं की कळायचं. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि सगळ्या घरानं डोक्यावरून पाणी घ्यायचं. लहान मुलंही असं कार्ड बघितलं की हात मागं घ्यायची.

"कार्ड कथा शे?" आबा म्हणाले.

"वाचनारं घरमा कोनी नव्हतं. दिवाबत्तीनी येळ व्हई गयथी. आसं कार्ड दारशी ठेवतस का? फाडीसन उकिरडावर फेकी दिधं. खबर काय, मांगेतून येईच."

मला फुईचं काही चुकलं असं वाटलं नाही. तिच्या जागी गावातली कोणतीही बाई हेच करती. मी विहिरीजवळ बसले आणि आबांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. दिवसभर तापलेल्या अंगावर ते गार पाणी पडलं आणि मला रडू आलं. कुणासाठी ते माहीत नव्हतं. अंघोळ होती तर रडायला हवं, म्हणून रडले असेन.

पुढचे चार दिवस आबा मेलेलं माणूस शोधत फिरले. त्यांची दोंडाईच्याची आतेबहीण धडधाकट निघाली. माझे मावसे चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात होते, सगळ्यांचा वहीम त्यांच्यावर. आबा गाडीनं तिथं पोचले तर मावसे खाटेवर बसून मजेत भात कालवत होते. "मी मरी गऊ आसं कोनी सांगं तुले?" म्हणून त्यांनी जे तोंड सोडलं ते आबा परत येईपर्यंत त्यांच्या कानात होतं. आम्ही पोट धरून हसलो. फुईसुद्धा. घरात वर्षभरात असं हसू झालं नव्हतं.

मग पोस्टमन भेटला. मी दाराशी उभी होते.

"ताई, मंगळवारनं कार्ड भेटनं ना? तुन्हं व्हतं, पुनानं. थैलीमा त्याना कोपरा फाटी गयथा. दारमा कोनी नव्हतं, ते ओटावर ठी दिधं मी."

आत गेले, परत बाहेर आले, आणि घरामागच्या उकिरड्यावर दोन्ही हात घातले. शेण, राख, कडबा, कुरडईचा चोथा. गाडीभर खत आदल्याच दिवशी, सोमवारी, शेतात गेलं होतं. राहिलेलं मी नखानं खरवडलं. एक तुकडा मिळाला नाही. फुई दारात उभी होती. तिला कळलं होतं. ती "पोरी, पोरी" एवढंच म्हणत होती, आणि मी मागं वळून तिच्याकडं पाहिलंही नाही. ह्या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी माझी मीच समजूत घातली. लिहिणारा माणूस तर आहे ना पुण्यात? परत विचारू. मी दुसरं पत्र लिहिलं. तीर्थरूप, आपलं कार्ड आलं पण वाचण्याआधी हरवलं, पुन्हा एवढे कष्ट घ्यावेत. आखाजीच्या आत उत्तर मिळालं तर उपकार होतील. पेटीत पत्र टाकलं तेव्हा कितीतरी हलकं वाटलं.

पंधरवड्यानं नंदुरबारला गेले. वाचनालयात टेबलावर त्यांचा फोटो उभा केलेला. पेपरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. त्यापूर्वी मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. चष्मा, बारीक मान, आणि कोट अंगाला मोठा झालेला. फोटोपुढं झेंडूची दोन फुलं होती. मी बराच वेळ बघत राहिले की हे कोण, आणि फुलं कशाला.

कादरचाचा ओसरीवरून उठून आत आले. ते कधी आत येत नसत, खळीचे हात असायचे.

"वो गुजर गए बेटी. जुम्मेरात को. पेपर में आया था."

"कुठल्या गुरुवारी?"

त्यांनी सांगितलं. मी मनात मोजलं. मंगळवारी कार्ड आलं, गुरुवारी ते गेले. माझं दुसरं पत्र मी त्यानंतर सहा दिवसांनी टाकलं होतं. मेलेल्या माणसाला मी लिहिलं होतं की पुन्हा एवढे कष्ट घ्यावेत.

त्या दिवशी कादरचाचांच्या शिकंज्यात त्यांचंच एक पुस्तक दाबून ठेवलेलं होतं. चाचा ओसरीवर परत जाऊन त्याच्याजवळ बसले आणि लुंगीला हात पुसत राहिले. "मैंने उनकी एक लाइन नहीं पढ़ी," ते म्हणाले. "मगर बरसों से उनका सीना-पिरोना मैं ही करता हूँ. अब किसको बोलूँ कि मेरा भी कोई गया?" मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. वाचनालयात माणसं येत होती, पेपर चाळत होती, कापसाच्या भावाबद्दल बोलत होती. मला आरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, ते गेले. पण ते तर सगळ्यांना ठाऊकच होतं. ठाऊक असून लोक चहा पीत होते.

घरी आले आणि सरळ विहिरीवर जाऊन पाणी काढलं. फुई धावत आली. "कोन मरनं?"

"ज्यान्हं कार्ड व्हतं, तो."

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "तो तुन्हा कोन लागस, पोरी?"

सुतक कुणाचं किती धरायचं ते आमच्याकडं पक्कं ठरलेलं. चुलत्याचं किती, मामाचं किती, सासूच्या भावाचं किती. ह्या माणसाचं काहीच नाही. त्याच्यासाठी अंगावर पाणी घ्यायचासुद्धा मला हक्क नव्हता. मी ओंजळीत पाणी धरून उभी राहिले. फुईनं विचारलं, कधी गेला. मी सांगितलं, बेस्तरवारी. ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. मंगळवार, बुधवार, बेस्तरवार. पुन्हा मोजलं. मग विहिरीच्या थाळ्यावर बसूनच गेली.

"म्हनजे मंगळवारे तो जिता व्हता," ती म्हणाली. "जिता मानूसना नावनं न्हायनूत आपन."

मी म्हटलं, फुई, तसं काही नसतं. पण तसं काही नसतं हे मलाही खात्रीनं वाटत नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही. त्यानंतर मी तिला पुस्तक वाचून दाखवलं नाही आणि तिनंही कधी म्हटलं नाही की वाच.

आखाजी आली. मुली निंबावर झोके घेत होत्या, गाण्यांचा आवाज उन्हावरून तरंगत घरात येत होता. आखाजीला लेकी येतात तसे पितरही येतात. त्यांच्यासाठी मातीची घागर भरून ठेवतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबा ठेवतात, आणि जेवायच्या आधी निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास, म्हणजे आगारी, टाकतात. घागरीशेजारी मला एक लहान मडकं दिसलं. नवं, कोरं, भरलेलं. वर एक आंबा. आबा पूजेला बसले आणि त्यांनी विचारलं, "ही कोनी शे?"

फुई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "शे एक मानूसनी. टाक आगारी, इचारू नको."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग निखाऱ्यावर दुसऱ्यांदा तूप आणि मांड्याचा तुकडा टाकला. धूर वर गेला. पुण्याच्या त्या माणसाला मांडे आवडत होते की नाही कोण जाणे. मला हुंदका आला आणि तो कुणी थांबवला नाही.

चौथ्या दिवशी सारंगखेड्याची गाडी आली. सकाळची वेळ. बैलांच्या गळ्यात घुंगरं, धुऱ्यावर अनोळखी गाडीवान. मला कुणी काही म्हणालं नाही आणि मीही कणगीमागं गेले नाही. लुगडं बदललं, ट्रंक गाडीत चढली, मी बसले. फुई गाडीजवळ आली. चंची हातात. दोरी सोडली, दोन बोटं आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मला वाटलं काही द्यायचं आहे. शेवटी तिनं एक लवंग काढून माझ्या हातावर ठेवली.

"तोंडमा ठेव. वाट लांब शे."

तिथून साठ वर्षं. मुलं झाली, नातवंडं झाली. घोड्यांच्या बाजारात एकदा लगाम आणि झुलींच्या दुकानांशेजारी जुन्या पुस्तकांचा ढीग दिसला, त्यात ती कादंबरी होती. कुणीतरी नीट बांधलेली, शिवण कादरचाचांसारखी. मी घेतली. शेवटचं पान अजूनही तसंच संपत होतं.

आज ओट्यावर बसून मी चौथ्या कप्प्याचे टाके उसवले. दोरा जुना होता, ओढताच तुटला. आत बोटभर लांबीचा कार्डाचा तुकडा. शेणानं पिवळा पडलेला, घडी पडलेल्या जागी फाटायला आलेला.

फुईला तो कधी सापडला असेल? मी उकिरडा उकरायच्या आधी, की नंतर, शेण टाकायला गेली तेव्हा? तिला वाचता येत नव्हतं. तुकडा उचलला असेल तो त्यावर टपालाचा अर्धा गोल शिक्का आहे म्हणून. शिक्का आहे म्हणजे महत्त्वाचं हेच असणार. आणि ज्या बाईनं असलं कार्ड कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, तिनं ते चाळीस वर्षं कमरेला बांधून ठेवलं. मला द्यायला गाडीपर्यंत आली आणि लवंग देऊन परत गेली. उकिरड्यावर मी तेव्हा तिच्याकडं वळून पाहिलं असतं तर तिनं दिलं असतं का? मला वाटतं, दिलं असतं. आता कुणाला विचारू?

शिक्क्याच्या बाजूला पत्त्यातला एकच शब्द उरला आहे, 'रनाळे'. त्यांच्या हातचा. माझ्या गावाचं नाव त्यांनी एकदा लिहिलं होतं.

मागच्या बाजूला तीन ओळींची टोकं आहेत. पहिलीचं टोक 'मलाही'. दुसरीचं 'तुम्ही'. आणि तिसरीचं 'ते मात्र कळवा', पुढं टिंब.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अलीकडची अक्षरं शेणाबरोबर रनाळ्याच्या कुठल्याशा शेतात गेली, त्यांचा कापूस झाला, त्याचीही वस्त्रं कधीच फाटून गेली असतील. मी माझ्याकडून शब्द घालून पाहते आहे. मलाही ठाऊक नाही, म्हणाले असतील? तुम्ही कुणीकडं गेलात, असं? मी तर माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरी त्यांना कळलं असेल. ते कळणाऱ्यातले होते. आणि मी उत्तराची वाट बघत होते तेव्हा तेही कार्ड टाकल्यापासूनचे शेवटचे काही दिवस माझ्या उत्तराची वाट बघत असतील, हे माझ्या कधी ध्यानीमनी आलं नाही.

तीर्थरूप, आता कोणत्या पत्त्यावर लिहू? पण विचारलंत म्हणून सांगते. गाडी आमच्या दारातून निघाली आणि गावाबाहेर आली. तिथंही दोन रस्ते फुटतात, एक सारंगखेड्याकडं, एक रनाळे स्टेशनाकडं. लवंग तोंडात होती. विचारलं तर काय सांगायचं, ते माझं वाटेत ठरलं होतं.

गाडीवानानं विचारलंच नाही.